हात सोडा

सलूनात माझ्या आधी दोन डोकी होती, म्हणून मी बाकावर टेकलो आणि मोबाईलवर पोकरचा डाव लावला. साठी उलटलेला रिटायर बाबू आणि पोकर! हसा बाप्पा, हसा. माझी बायको प्रमिला तर रोजच हसते. पैशाचं त्यात काही नाही, ते सगळं आता बंदच झालं; हे फुकटचं. रोज सकाळी हजार खोट्या चकत्या मिळतात आणि जेवणाच्या वेळेपर्यंत मी त्या उडवून मोकळा होतो. आमची रश्मी नागपूरला नोकरीला आहे, तिनंच हे माझ्या मोबाईलमध्ये टाकून दिलं, कारण रिटायर झाल्यापासून मी म्हणे भिंतीकडे पाहत बसतो. आदल्या दिवशी तिनं फोनवरून सांगून सांगून माझ्याकडून त्याची भाषाही बदलवून घेतली होती. इंग्रजी गेली, मराठी आली. पण ती मराठी काही माणसानं केलेली नव्हती. दोन पत्ते आले, वर ओळ उमटली, ‘तुमचा हात कमजोर आहे’, आणि जिथं काल इंग्रजीत फोल्ड होतं, म्हणजे पत्ते टाकून द्या, आम्ही ज्याला पॅक म्हणतो ते, तिथं आता लाल अक्षरांत लिहिलेलं होतं: ‘हात सोडा’. मी ते वाचलं आणि माझा मोबाईल धरलेला उजवा हात मनगटापासून सुन्न झाला. तेवढ्यात न्हावी म्हणाला, ‘‘हिरामणकाका, या, नंबर लागला तुमचा.’’ मी उठलो आणि सरळ बाहेर चालू लागलो. ‘‘अजी काका, खुर्ची इकडं हाये! तिकडं कुठी जाऊन राहिले?’’ मागं दोघंतिघं फिदीफिदी हसले. केस तसेच घेऊन मी घरी आलो. प्रमिला दारातच म्हणाली, ‘‘पैसे देऊन हेच करून आणलं का?’’

मनोहरला जाऊन चार वर्षं झाली. तो तिगावचा, मी पांढुर्ण्याचा, दोघांच्या नोकऱ्या मुलताईला. कचेऱ्या वेगळ्या, पण गाडी एक. सव्वीस वर्षं आम्ही अप-डाऊन केलं. सकाळी मी पांढुर्ण्याला चढायचो, पुढच्याच स्टेशनावर तिगावला तो चढायचा, मग गाडी धापा टाकत घाट चढायची आणि तेवढ्या वेळात आमचा मांडीवर गमछा पसरून तीन पत्तीचा डाव व्हायचा. गुणवंता नावाचा एक तिसरा असायचा, कधी चौथा, कधी नाही. हरला त्यानं चहा पाजायचा, एवढाच जुगार. आता गाडी काही आमच्या डावासाठी थांबणार नव्हती. संध्याकाळी परतताना तिगाव यायचं, मनोहर उतरायचा आणि डाव अर्धा राहायचा. म्हणून आम्ही कायदाच काढला होता, डाव बांधायचा. आपापले तीन पत्ते उलटे धरायचे, रबर लावायचं, खिशात घालून घरी न्यायचे आणि सकाळी गाडीत तिथूनच पुढं. घरी मात्र पाहायचे नाहीत. जो ब्लाइंड आहे, म्हणजे ज्यानं आपले पत्ते उचलून पाहिलेलेच नाहीत, तो सकाळपर्यंत ब्लाइंडच राहील. कोणी तपासायला येणार होतं का? कोणी नाही. पण इमान म्हणून काही असतं ना. मनोहर तर जन्मभर ब्लाइंडच खेळला. पत्ते पाहणाऱ्याची त्याला कीव यायची. ‘‘पाहून खेळाले काय अक्कल लागते बे?’’ म्हणायचा आणि डोळे मिटून चाल टाकायचा. हरायचा बम, पण चहा पाजताना त्याचा चेहरा जिंकल्यासारखा असायचा.

त्या सकाळी मनोहरच्या खिशात त्याचे तीन पत्ते होते, न पाहिलेले. माझ्या उजव्या हातात माझे तीन. गुणवंता सुटीवर होता. मनोहरला उशीर झाला, गाडी तिगावहून हलली, मी दारात उभा. डावा हात दांडीला, उजवा वर केलेला, पत्ते त्याला दाखवून चिडवायला: ये, आज तुझा शो घेतो, उघड पत्ते! तो हसत धावत आला, डब्याची पिशवी खांद्यावर उडत होती. गाडीनं वेग घेतला तसं त्याचं हसू गेलं. ‘‘हिरामण, हात दे!’’ एवढंच ओरडला. पुढं काय झालं ते सगळ्या तिगावला माहीत आहे, पण त्या दोन शब्दांचं कोणालाच माहीत नाही. पोलिसाला मी सांगितलं, मी आत बसलो होतो. गुणवंताला तेच सांगितलं. कुसुमवहिनीला, मनोहरच्या बायकोला, तिच्याच अंगणात मांडी घालून सांगितलं की वहिनी, मी आत होतो, मी काहीच पाहिलं नाही. तिनं मला प्यायला पाणी दिलं होतं. आणि ते मी, निर्लज्जासारखा, तांब्या वर करून गटागटा प्यालो.

त्यानंतर मी गाडीत चढलो नाही. उरलेली दीड वर्षं नोकरी बसनं केली, घाटात ओकत. गुणवंता म्हणायचा, ‘‘याले जामसावळीच्या मारोतीले नेऊन आणा रे कोणी, अंगात काही तरी शिरलं याच्या.’’ मी म्हणायचो, बुद्धाला मानणारा माणूस मी, माझ्या अंगात काय शिरणार? आणि अंगात खरंच काही नव्हतं, जे होतं ते हातात होतं. भाजीची पिशवी घेताना, वंदनेला विहारात हात जोडताना, बोटं मध्येच आखडायची, तीन पत्ते धरल्यासारखी. डॉक्टर म्हणाला, नस दबली आहे. असेल बुवा. गड्डी माझीच होती, ती कपाटात आहे. माझे तीन मी त्याच दिवशी तिच्यात मिसळून टाकले, म्हणजे कोणते होते ते कोणाला कळायला नको. एकोणपन्नास पत्ते. मोजायची गरज नाही, तरी दिवाळीला साफसफाईत हातात आली की मी मोजतो.

तर रश्मीचं म्हणणं असं की, बाबा, नवीन काही शिकायचं तर आधी ध्येय लिहा. ती परीक्षांच्या क्लासला होती, तिथं तिला हे शिकवलं. मी डायरी उघडली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, एक: पोकरमध्ये नाव कमावणे. दोन: रोज जिंकणे. फोनवर वाचून दाखवलं तर ती इतकी हसली की मला फोन कानापासून दूर धरावा लागला. ‘‘बाबा, हे ध्येय आहे का? निवडणुकीचा जाहीरनामा लिहून राहिले तुम्ही!’’ मग म्हणाली, ‘‘जे तुमच्या हातात आहे तेवढंच लिहा. पत्ते कोणते येतील हे तुमच्या हातात नाही. जिंकणंबी नाही. पाहणं तुमच्या हातात आहे. सोडणं तुमच्या हातात आहे. लहान लिहा, जमेल असं लिहा.’’ माझी पोरगी मलाच शिकवून राहिली होती आणि मी ‘हो हो’ करत होतो. तिला काय माहीत ती काय बोलून गेली! मी लिहिलं: पहिला आठवडा, शंभर डाव. जिंकणे-हरणे मोजणे नाही.

शंभर डाव झाले आणि मी शंभरच्या शंभर बरबाद झालो. रश्मीला पटेना. एवढं कसं कोणी हरतं? रविवारी ती घरी आली आणि माझ्या खांद्यावरून वाकून पाहत उभी राहिली. मी डाव लावला, सवयीनं अंगठा ठेवला आणि चाल टाकली. ‘‘बाबा, अंगठा काढा.’’ मी म्हटलं, कायले? ‘‘तुमचे पत्ते त्याच्याखाली आहेत!’’ तेव्हा माझ्याच लक्षात आलं. स्क्रीनवर खाली जिथं आपले दोन पत्ते उघडे येतात, बरोबर त्या जागेवर मी अंगठा दाबून धरत होतो. आठ दिवस मी ब्लाइंड खेळत होतो! ते तिथं ‘ब्लाइंड’ असा शब्दही येतो, पण त्याचा अर्थ वेगळा, सुरुवातीला सक्तीनं टाकायच्या चकत्या. मला वाटलं होतं आपलंच काही तरी आहे. प्रमिला स्वयंपाकघरातून पदर तोंडाला लावून आली. ‘‘आंधळ्याचा बाजार हाये तुमचा सगळा.’’ मीही हसलो, मोठ्यानं हसलो. आणि हसता हसता मला वाटलं की हा अंगठा मनोहरचा आहे. ब्लाइंड तो खेळायचा. मी नाही. मी नेहमी पाहूनच खेळायचो. मग मी हे केव्हापासून शिकलो? डायरीत लिहिलं: दुसरा आठवडा, अंगठा काढणे.

अंगठा काढला आणि गंमत गेली. पत्ते दिसू लागले की बहुतेक डाव सोडूनच द्यावे लागतात, हे मला या वयात कळलं. दहातले सात डाव हात सोडा, हात सोडा. प्रत्येक वेळी ते लाल बटण आणि प्रत्येक वेळी तिगाव. एका दुपारी तर आमच्या टेबलावरची एक खुर्ची करडी पडली, खेळता खेळता कोणाचं तरी नेटवर्क गेलं असणार, आणि तिच्यावर त्या यंत्राच्या मराठीत अक्षरं आली: ‘खेळाडू परत येण्याची वाट पाहत आहे’. कोण वाट पाहत आहे? टेबल की खेळाडू? मी ओट्यावर उन्हात बसलो होतो, समोर प्रमिलानं वाळत घातलेल्या वड्या होत्या, शेजारी कोणी तरी मोटर लावली होती, सगळं जिथल्या तिथं होतं, आणि मी त्या करड्या खुर्चीकडे पाहून हळूच म्हणालो, ‘‘मन्या, ये ना बे.’’ म्हणालो खरं. मग भीती वाटली. खुर्ची तशीच राहिली, त्याचे दोन पत्ते तिच्यापुढे उलटे पडलेले, कोणीच न पाहिलेले. माझी पाळी आली आणि वेळ संपून गेली.

आणि माझे? माझ्या हातात त्या दिवशी काय होतं? हो, मी पाहिले होते. आदल्या संध्याकाळी पत्ते उचलायच्या आतच तिगाव आलं आणि डाव बांधला; घरी पाणी प्यायला गेलो तेव्हा माठाजवळ उभा राहून रबर सरकवलं आणि पाहिले. कायदा मोडला. सव्वीस वर्षांत तेवढाच एकदा, असं म्हणणार होतो, पण नाही, आधीही मोडला होता, बरेचदा मोडला होता. तीन गुलाम होते. असे पत्ते माणसाला जन्मात एकदा येतात. हाताची मूठ उघडली असती तर तीन गुलाम रुळांवर उडून गेले असते, कोणी विश्वास ठेवला नसता की ते होते. अर्ध्या सेकंदाचा विचार. माणूस आहे, होतं. असं मी मला समजावत आलो. पण पोकर शिकता शिकता एक घोटाळा झाला. तीन पत्तीत रन, म्हणजे ओळीचे पत्ते, कलरच्या, म्हणजे एका रंगाच्या पत्त्यांच्या वर असतो, पोकरमध्ये कलर रनच्या वर. मी रन घेऊन ऐटीत बसलो आणि हरलो, रश्मीला फोन करून भांडलो की हा मोबाईल बेइमान आहे. तिनं शांतपणे सांगितलं, कोणता हात कोणाच्या वर ते आधी पाठ करा, मनानं चढवू नका. मनानं चढवू नका! फोन ठेवला आणि मला आठवलं की पहिल्या वर्षी मी मनाशी म्हणायचो, जोडी होती. नंतर केव्हा तरी तिचा कलर झाला. एका उन्हाळ्यात रन झाला. गुलाम तर आत्ता आत्ता आले. चार वर्षं मी त्या तीन पत्त्यांना चढवत आणलं होतं, कारण खालच्या पत्त्यांसाठी मनोहरला सोडलं असं मला म्हणवत नव्हतं.

त्या दिवशी मी डायरीत तिसरं ध्येय लिहिलं: तिगावला जाणे, वहिनीला सांगणे. लिहिलं आणि लगेच खोडलं. रश्मीचा आवाज आला, बाबा, जाहीरनामा! मग लहान लिहिलं. सोमवार, स्टेशनापर्यंत चालत जाणे. गेलो. बाहेरच्या टपरीवर चहा प्यालो आणि परतलो. पांढुर्णा आता जिल्हा झाला, पण स्टेशनाबाहेरचा चहा तसाच गुळमट आहे. बुधवार, बाकावर बसणे. बसलो. गाडी आली, उभी राहिली, तिच्या दाराची दांडी माझ्यापासून हातभर अंतरावर होती, घासून पांढरी पडलेली. शुक्रवार, तिकीट काढणे. काढलं, खिशात घातलं आणि घरी येऊन डायरीत ठेवलं. प्रमिलाला ते सापडलं. तिनं ते उलटंपालटं करून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि प्रथमच हसली नाही. ‘‘जाचं हाये त जा ना एकदाचं,’’ म्हणाली. ‘‘चार साल झाले, झोपेत हात हात करता तुमी.’’ मला वाटत होतं ते कोणालाच माहीत नाही.

मंगळवारी गेलो. दारात उभा राहिलो नाही, आत बसलो, खिडकीजवळ. सांगितलं होतं ना सगळ्यांना, मी आत बसलो होतो म्हणून? आता बसून पाहिलं. आतून दारातलं काही दिसत नाही, हे खरं आहे. मोबाईल हातात उघडा होता, डाव चालू होता, पण मी एकही चाल टाकली नाही, ते यंत्र आपोआप माझा हात सोडत होतं. तिगाव आलं. उतरलो. ते रस्त्याकडेचे गोटे, ते बोर्डावरचं नाव, सगळं मी स्वप्नात इतक्यांदा पाहिलं होतं की खरं पाहताना लहान वाटलं. मनोहरचं घर शेवटल्या गल्लीत, मागं त्यांची संत्र्याची झाडं. वहिनी ओसरीत बसली होती, पुढ्यात संत्र्यांचा ढीग, ती मोठी एका बाजूला, लहान एका बाजूला आणि डागी मांडीजवळ अशी निवडत होती. केस पिकले होते. माझ्याकडे पाहून तिनं पदर सावरला.

‘‘या भाऊजी. सापडला का रस्ता?’’

मी ओसरीच्या पायरीवर बसलो. पाणी घेता का, तिनं विचारलं. मी जवळजवळ ओरडलोच, ‘‘नको! पाणी नको.’’ तिनं हातातलं संत्रं तसंच धरून ठेवलं. रस्ताभर मी वाक्यं जुळवत आलो होतो, परिस्थिती, वेग, उशीर, पावसानं ओली दांडी, सगळं. त्यातलं काहीच आलं नाही.

‘‘वहिनी, मी आत नोतो बसलो. दारात होतो. मनोहरनं मले हात मांगतला. मी नाई देल्ला.’’

बोललो. मला वाटलं होतं ती रडेल, अंगावर येईल, संत्री फेकून मारेल. त्या सगळ्याची मी तयारी केली होती. अंगणात एक कोंबडी आली, वहिनीनं तिला हुसकलं नाही. मग तिनं विचारलं, ‘‘काहून?’’

‘‘हातात पत्ते होते.’’

‘‘कोणते?’’

हे मात्र मी लिहून आणलं नव्हतं. तीन गुलाम जिभेवर तयार होते, चांगले कपडे घालून उभे होते. एक शब्द म्हणालो असतो तर तिलाही वाटलं असतं की माणसाची बुद्धी फिरण्याजोगं काही तरी होतं. मनोहरनं तिला पत्ते शिकवले होते, गुलामांची किंमत तिला कळली असती. मी अंगठा मुठीत दाबला, मग सैल केला.

‘‘दुर्री,’’ मी म्हणालो. ‘‘दुर्री, पंजी आन नव्वी. तिन्ही येगयेगळ्या रंगाचे.’’

‘‘मंजे काईच नाई?’’

‘‘काईच नाई. त्या पत्त्यावर मी पॅकच झालो असतो, वहिनी. सोडूनच देणार होतो.’’

तिनं मान हलवली. रडली नाही. ‘‘दुर्री,’’ ती म्हणाली, मला नाही, त्या संत्र्याला म्हणाल्यासारखी. नंतर बराच वेळ ती निवडत राहिली, आणि मी पाहिलं की आता ती मोठी, लहान, डागी सगळी एकाच ढिगात टाकत होती. शेवटी म्हणाली, ‘‘धावताना त्यायनं कोनाले तरी आवाज देल्ला, हे मले तवाच मालूम झालं होतं. फाटकावरल्या बाईनं आयकला होता. नाव नाई समजलं तिले. मी चार साल पाहून राहिलो, कोन येते ते.’’ मी मान खाली घातली. ‘‘माफ बिफ मी करनार नाई, भाऊजी. ते मांगू नका.’’ मी म्हटलं, नाही मागत. आणि खरंच, मी मागायला आलो नव्हतो, किंवा आलो असेन, पण आता मागवत नव्हतं.

‘‘त्यायचे तीन पत्ते घरात हायेत,’’ ती म्हणाली. ‘‘खिशातून निंगाले तसेच, रबर लावलेले. त्यायनं पायले नोते, त मीबी नाई पायले. तुमचा डाव बांधून हाये ना अजून? बसा, आनतो.’’ तिनं एक हात जमिनीला टेकला आणि उठायला गेली. उठता आलं नाही. पुन्हा एकदा जोर केला, गुडघा वाजला, आणि ती परत खाली बसली. मग चिडून, घरातल्या माणसावर चिडावं तशी, माझ्याकडे पाहून म्हणाली, ‘‘पाहून काय राहिले? हात द्या.’’

माझ्या उजव्या हातात मोबाईल होता. स्क्रीन उजळलेला, कोणता तरी डाव चालू, अंगठा जिथल्या तिथं. तो मी संत्र्यांच्या ढिगात ठेवून दिला, कुठं पडला ते पाहिलं नाही, आणि पुढं वाकून हात दिला. तिचा हात सालीच्या रसानं चिकट होता. ती जड होती, मला वाटलं होतं त्यापेक्षा बरीच जड, आणि माझ्या मनगटातून कळ निघाली. ती पूर्ण उभी राहीपर्यंत मी सोडला नाही.